डोह तुटतात, डोह जुळतात

भीमेच्या काठाने एका उन्हाळ्यात फिरत असताना एका वयस्क भोई मच्छीमाराशी गाठ पडली. बोलता बोलता मी त्यांना हवामानबदलाविषयी काहीबाही सांगू लागलो. जाळ्याची फाटलेली बाजू सांधत त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि मग विचारले, "साहेब, हवा काय आजच बदलायला लागली? बहात्तरचा दुष्काळ मी पाहिला. त्याच्या आधीचे माझ्या आज्याने पाहिले. नदी आटली, पण मासा काही संपला नाही. मग आताच एवढी ओरड कशापायी?"

प्रश्न चोख होता आणि माझे उत्तर गुळमुळीत होते. पुढची काही वर्षे मिळेल तेव्हा, मिळेल तिथून मी या विषयाचे वाचन केले. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

आधी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्यांचे म्हणणे त्यांना वाटत होते त्याहूनही अधिक खरे आहे. गेल्या सुमारे सव्वीस लाख वर्षांत पृथ्वीचे हवामान पुन्हा पुन्हा पालटले. हिमयुगे आली, गेली. उष्ण कटिबंधात मोठमोठी सरोवरे कोरडी पडली आणि परत भरली. या उलथापालथीत गोड्या पाण्यातले मासे नुसते टिकले नाहीत, तर त्यांच्या शेकडो जाती या उलथापालथीतूनच घडल्या. (या लेखात 'जाती' हा शब्द मी स्पीशीज या अर्थाने वापरला आहे.) असे असेल, तर आताच्या बदलाची काळजी का करायची? याचे उत्तर हवे असेल, तर जुने बदल माशांवर नेमके कसे काम करत होते हे आधी पाहावे लागेल.

नदीचे वार्षिक हिमयुग

त्यासाठी लांब जायला नको. दख्खनच्या पठारावरची कोणतीही नदी मे महिन्यात पाहावी. वाहते पाणी थांबलेले असते. पात्रात खडक उघडे पडतात आणि मधूनमधून डोह उरतात. नदीतले सगळे मासे त्या डोहांत कोंडलेले असतात. एका डोहातला मासा दुसऱ्या डोहात जाऊ शकत नाही. कुठल्या डोहात पाणी गढूळ, कुठे निवळ. कुठे शेवाळ भरपूर, कुठे नुसता खडक. जगण्याच्या अटी डोहागणिक वेगळ्या.

मग मृगाचा पाऊस पडतो. ओढे खळाळतात, डोह एकमेकांना मिळतात आणि मासे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर यांनाच चढणीचे मासे म्हणतात. वेगवेगळ्या डोहांत तगलेले मासे आता एकाच पाण्यात येतात, अंडी घालतात आणि त्यांची वाणे मिसळतात.

तुटणे आणि जुळणे असे हे चक्र दर वर्षी होते. आठ महिन्यांच्या ताटातुटीत नवी जात तयार होत नाही. तेवढ्यात माशांची एक पिढीही धड होत नाही. पण समजा, हाच उन्हाळा पाच हजार वर्षे टिकला, किंवा पन्नास हजार वर्षे? आणि त्यानंतरचा पावसाळाही तेवढाच लांबला? उष्ण कटिबंधातल्या माशांच्या इतिहासात नेमके हेच घडत आले आहे.

इतका लांब उन्हाळा कशाने?

हा लांबलचक ऋतुपालट का होतो, याचे कोडे सोडवण्याचा पहिला नेटका प्रयत्न केला तो ग्लासगोच्या एका कॉलेजातल्या शिपायाने. जेम्स क्रॉल त्याचे नाव. जन्म १८२१ चा. शाळा तेराव्या वर्षी सुटली. यंत्रांची दुरुस्ती, चहाचे दुकान असे अनेक उद्योग करून १८५९ मध्ये त्याला ती नोकरी मिळाली. पगार थोडा, पण ग्रंथालय हाताशी. रिकाम्या वेळात त्याने भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र स्वतःच्या बळावर शिकून घेतले आणि १८६४ मध्ये निबंध लिहिला, की हिमयुगांचे मूळ पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांत आहे. बारा वर्षांनी तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. विद्यापीठाबाहेर राहून काही शोधू पाहणाऱ्या माझ्यासारख्यांना हा माणूस आपल्या घरातला वाटतो.

क्रॉलची कल्पना पुढे सर्बियाच्या मिलुटिन मिलान्कोविच यांनी गणिताने पक्की केली. पृथ्वीच्या फिरण्यात तीन प्रकारचे संथ फेरफार होतात. सूर्याभोवतीची तिची कक्षा सुमारे एक लाख वर्षांच्या अंतराने कमीअधिक लांबट होते. तिच्या अक्षाचा कल सुमारे ४१ हजार वर्षांच्या चक्रात थोडा वाढतो, थोडा घटतो. आणि भोवरा मंदावताना त्याची मान फिरते तसा पृथ्वीचा अक्ष डुलतो. त्यामुळे पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ कोणत्या ऋतूत येणार हे सुमारे २१ ते २३ हजार वर्षांच्या चक्राने बदलत राहते. १९७६ मध्ये हेज, इंब्री आणि शॅकलटन यांनी दक्षिण हिंदी महासागराच्या तळातला गाळ तपासला, तेव्हा त्यात हीच चक्रे उमटलेली आढळली.

उत्तरेत या चक्रांनी बर्फ वाढले किंवा वितळले. आपल्याकडे आणि आफ्रिकेत मात्र हिशेब पावसाचा होता. आज पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला. सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी ती उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात जवळ असे. त्यामुळे जमीन अधिक तापे आणि मोसमी वारे अधिक जोराने पाऊस आणत. सहारा तेव्हा गवताळ होता आणि चाडचे सरोवर आजच्या कितीतरी पट पसरलेले होते. त्या आधीच्या हिमयुगात याच्या उलट स्थिती होती. त्यातही सुमारे १८ ते १५ हजार वर्षांपूर्वीच्या काळात उत्तर अटलांटिकमध्ये हिमनगांचे लोंढे घुसले, समुद्राचे अभिसरण बिघडले आणि आफ्रिकेपासून आशियापर्यंतचा मोसमी पाऊस दुबळा झाला. या मोठ्या अवर्षणात जे घडले, ते माशांच्या उत्क्रांतीतले एक नवल आहे.

कोरडे पडलेले व्हिक्टोरिया

पूर्व आफ्रिकेतले व्हिक्टोरिया सरोवर युगांडा, केनिया आणि टांझानिया या तीन देशांत पसरले आहे. क्षेत्रफळ सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडे मोठे. पण खोली जास्तीत जास्त ८० मीटरच्या आसपास. परातीसारखे पसरट सरोवर. बाष्पीभवन प्रचंड आणि येणारे पाणी बहुतेक पावसाचेच. पाऊस घटला की हे सरोवर लवकर आटणार हे उघड आहे.

ते आटलेही. १९९६ मध्ये टॉमस जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरोवराच्या तळातून काढलेल्या गाळाच्या गाभ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरोवरी चिखलाच्या खाली त्यांना वाळून घट्ट झालेल्या मातीचा थर मिळाला आणि त्यात वनस्पतींची बारीक मुळे. जिथे आज सरोवराचे सर्वांत खोल पाणी आहे, तिथे एके काळी जमीन होती. पाणी परत आले ते सुमारे १६ ते १५ हजार वर्षांपूर्वी.

आता माशांकडे पाहू. व्हिक्टोरियात सिक्लिड कुळातल्या सुमारे ५०० जाती होत्या आणि त्यांतल्या जवळपास सगळ्या जगात दुसरीकडे कुठेच नव्हत्या. सिक्लिड आपल्यालाही परके नाहीत. कोकणच्या आणि गोव्याच्या खाड्यांत मिळणारी काळुंदर याच कुळातली. १९५२ मध्ये भारतात आणलेली आणि आता उजनीच्या बाजारात ढिगाने दिसणारी चिलापीही याच कुळातली. तिचे मूळ घर आफ्रिका.

व्हिक्टोरियातल्या सिक्लिडांत शेवाळ खरवडणारे होते, गोगलगायी फोडणारे होते, दुसऱ्या माशांची पिल्ले आणि खवले खाणारे होते. प्रत्येकाचे दात आणि जबडे त्या त्या कामाचे. सरोवर जर १५-१६ हजार वर्षांपूर्वी कोरडे होते, तर हे सगळे त्यानंतरचे ठरते. हा काळ किती थोडा आहे पाहा. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे १९७०च्या दशकात उत्खनन झाले. तिथे शहामृगाच्या अंड्यांच्या कवचापासून मणी करणाऱ्या माणसांचे अवशेष मिळाले. ते सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे खानदेशात माणसे मणी ओवत होती, तेव्हा आजचे व्हिक्टोरिया सरोवर अजून भरायचे होते.

एवढ्या लवकर कसे?

हे निष्कर्ष सगळ्यांनी मुकाट्याने मान्य केले असे नाही. आफ्रिकेच्या सरोवरांत आयुष्य घालवलेले ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जेफ्री फ्रायर यांनी जोरदार आक्षेप घेतला. पाचशे जाती घडायला पंधरा हजार वर्षे पुरणार नाहीत, तेव्हा सरोवर पूर्ण आटले असणे शक्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आक्षेप वजनदार होता. नव्या जातीला नवे गुण लागतात. नवे गुण जनुकांतल्या अपघाती फेरफारांतून येतात आणि असे उपयोगी फेरफार फार विरळ असतात. पंधरा हजार वर्षांत ते इतके साठणार कुठून?

यावरचे उत्तर माशांच्या डीएनएतून मिळाले. २०१७ मध्ये योआना मायर, ओले सीहाउसेन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की व्हिक्टोरिया परिसरातल्या सिक्लिडांचे मूळ एक नसून दोन आहेत. एक वंश काँगोच्या खोऱ्यातला, दुसरा नाईलच्या वरच्या खोऱ्यातला. हे दोन वंश फार पूर्वी वेगळे झालेले होते. सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी, एका मोठ्या अवर्षणानंतरच्या ओल्या काळात, त्यांची पाणी एकत्र आली आणि त्यांचा संकर झाला. व्हिक्टोरियाच्या माशांत आज या दोन्ही घराण्यांची जनुके मिसळलेली आहेत.

म्हणजे सरोवर नवे असले तरी माशांमधली विविधता जुनी होती. मला हे समजावून घेताना मिसळणाच्या डब्याचा उपयोग झाला. एका घरच्या डब्यात सात मसाले, दुसऱ्या घरच्या डब्यात वेगळे सात. दोन्ही डबे एका स्वयंपाकघरात आले की एकही नवा मसाला न आणता किती तरी नव्या चवी जमवता येतात. मसाले तयार व्हायला लाखो वर्षे लागली असतील. चवी जमवायला मात्र थोडा काळ पुरतो. व्हिक्टोरिया भरू लागले तेव्हा त्यात शिरलेल्या माशांच्या अंगी असा दुहेरी साठा होता.

या साठ्यातले एक जनुक डोळ्यांशी संबंधित आहे. व्हिक्टोरियाच्या पाण्यात वरच्या थरात निळसर प्रकाश असतो, तर खाली जावे तसा तांबडा प्रकाश उरतो. एका जनुकाच्या एका रूपाने डोळा निळसर प्रकाशात अधिक चांगले पाहतो, दुसऱ्या रूपाने तांबड्या प्रकाशात. ही दोन रूपे त्या दोन मूळ घराण्यांतून आली होती. उथळ पाण्यात राहणाऱ्या जातीचे नर निळसर, खोल राहणाऱ्या जातीचे नर तांबडे. मादी आपल्या डोळ्याला ठळक दिसणारा नर निवडते. एकाच सरोवरात, मध्ये कोणतीही भिंत नसताना, केवळ प्रकाशाच्या फरकाने दोन जाती वेगळ्या राहिल्या. हा मुद्दा लक्षात ठेवावा. तो पुढे लागणार आहे.

आणखी एक गोष्ट. रिकाम्या सरोवरात सिक्लिड एकटेच आले नव्हते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तळातल्या गाळातले माशांचे हजारो सूक्ष्म दात तपासले गेले. त्यांत दिसले, की मांगूर-शिंगाळ्यांच्या जातकुळीतले आणि रोहू-पोष्ट्यांच्या जातकुळीतले मासेही सुरुवातीपासून तिथे होते. संधी सगळ्यांना सारखीच मिळाली, पण शेकडो जाती फक्त सिक्लिडांच्या झाल्या. तेव्हा हवामान जाती घडवते असे म्हणणे अपुरे आहे. हवामान संधी देते. ती घेण्याजोगे भांडवल अंगी असावे लागते, आणि ते भांडवल आधीच्या कित्येक तुटण्या-जुळण्यांतून साठलेले असते.

खोल सरोवरांची गोष्ट वेगळी

याच भागातली दुसरी दोन मोठी सरोवरे, मलावी आणि टांगानिका, फार खोल आहेत. मलावी सुमारे ७०० मीटर, तर टांगानिका १,४७० मीटर. ही व्हिक्टोरियासारखी पूर्ण आटत नाहीत. पण १ लाख ३५ हजार ते ७५ हजार वर्षांपूर्वीच्या काळात मलावीच्या परिसरात अशी अवर्षणे झाली, की सरोवराची पातळी किमान ५०० मीटर उतरली आणि ९५ टक्क्यांहून अधिक पाणी गेले. निवळ, खोल सरोवराचे उथळ आणि खारट तळे झाले. पुढे पाऊस परतला तेव्हा खडकाळ किनारे पुन्हा बुडाले आणि खडकांत राहणाऱ्या माशांना नवी वस्ती मिळाली. अशी चढउतार मलावीने लाखो वर्षांत अनेकदा पाहिली आहे.

टांगानिकात ट्रॉफियस नावाचा छोटा सिक्लिड आहे. तो खडकांना धरून राहतो आणि मोकळे खोल पाणी ओलांडत नाही. मग काही ठिकाणी समोरासमोरच्या किनाऱ्यांवरचे ट्रॉफियस एकमेकांचे जवळचे नातलग कसे? उत्तर पातळीत आहे. सरोवर उतरले तेव्हा हे दोन किनारे जवळ आले आणि खालच्या खडकांनी जोडले गेले. पाणी चढले तेव्हा ते पुन्हा दुरावले. माशांच्या नात्यांत सरोवराच्या जुन्या पातळ्या नोंदल्या गेल्या आहेत.

समुद्राखालच्या नद्या

दुष्काळी काळ म्हणजे तुटणे आणि ओला काळ म्हणजे जुळणे, असे सरसकट सूत्र मात्र मांडता येत नाही. आग्नेय आशियात नेमके उलटे झाले. हिमयुगात उत्तरेच्या बर्फात इतके पाणी अडकले, की जगभरातल्या समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मलाया, सुमात्रा, जावा आणि बोर्नियो यांच्यामधला समुद्र उथळ आहे; तो कोरडा पडून एक सलग भूमी तयार झाली. आज वेगवेगळ्या बेटांवर असलेल्या नद्या तेव्हा त्या भूमीवरून वाहत एकमेकींना मिळत होत्या.

मोलेंग्राफ आणि वेबर या डच संशोधकांच्या हे शंभर वर्षांपूर्वीच ध्यानात आले होते. पश्चिम बोर्नियोतल्या कापुआस नदीचे मासे समुद्रापलीकडच्या सुमात्रातल्या नद्यांतल्या माशांशी जुळतात, पण त्याच बोर्नियोच्या पूर्व बाजूला वाहणाऱ्या महाकाम नदीतल्या माशांशी तितके जुळत नाहीत. बेट एक, पण मासे वेगळे. बेटे दोन, पण मासे सारखे. बुडालेल्या नदीची खूण माशांनी जपली.

पण जमिनीचा पूल झाला म्हणजे मासे पलीकडे गेलेच असेही नाही. भारत आणि श्रीलंका यांच्यामधला समुद्र फार उथळ आहे आणि हिमयुगांत ही दोन्ही भूमी अनेकदा जोडलेली होती. तरीही २००४ मध्ये बॉसाइट आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की श्रीलंकेचे गोड्या पाण्यातले मासे, खेकडे आणि झाडावरचे बेडूक यांच्यात स्वतंत्र घराणी बरीच आहेत. पूल होता, पण ओल्या डोंगरांच्या मधला सखल प्रदेश कोरडा होता. माशाला नुसती जमीन पुरत नाही. त्याला आपल्या जातीचे पाणी सलग मिळावे लागते.

आपल्या नद्यांचे काय?

हा प्रश्न आपल्याकडेही एका मोठ्या संशोधकाने विचारला होता. डॉ. सुंदरलाल होरा हे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे संचालक आणि माशांचे जाणकार. सह्याद्रीच्या खळाळत्या ओढ्यांत काही मासे खडकाला चिकटून राहतात. त्यांचे अंग चपटे असते, पोटाकडची बाजू पकड घेणारी असते. असे मासे ईशान्य भारतात आणि मलायाकडेही आहेत. मधल्या हजारो किलोमीटरच्या पट्ट्यात ते सहसा नाहीत. मग ते इकडे आले कसे? १९४०च्या दशकात होरांनी उत्तर दिले: हिमयुगांच्या काळात सातपुडा आणि विंध्य यांच्या रांगा अधिक दमट होत्या, त्यांवरून थंड खळाळते ओढे वाहत होते, आणि त्या वाटेने हे मासे आसामच्या डोंगरांतून सह्याद्रीपर्यंत सरकत आले. हे सातपुडा गृहीतक म्हणून ओळखले जाते.

आज ते जसेच्या तसे कोणी मानत नाही. अशा सलग उंच, दमट रांगेचा भूशास्त्रीय पुरावा मिळत नाही, आणि डीएनएच्या अभ्यासांतून दिसते की वेगवेगळ्या प्राण्यांची ताटातूट वेगवेगळ्या काळी झाली. काहींची हिमयुगांच्या कितीतरी आधी. एकच वाट आणि एकच वेळ हे चित्र टिकले नाही. पण हवामान पालटते तशा पाण्याच्या वाटा उघडतात आणि मिटतात, आणि माशांच्या आजच्या ठिकाणांवरून त्या वाटा शोधता येतात, ही होरांची दृष्टी टिकली.

दख्खनच्या नद्यांतही कोरड्या काळाच्या खुणा आहेत. एस. एन. राजगुरू, विश्वास काळे आणि इतर अभ्यासकांनी पठारावरच्या नद्यांचे जुने गाळ तपासले. हिमयुगाच्या उत्तरार्धात पाऊस कमी होता, नद्यांना गाळ वाहून नेण्याचे बळ नव्हते, पात्रे भरून आली. पाटण्याचे शहामृगही उघड्या गवताळ मुलखाचीच साक्ष देतात. पुढे मोसमी पाऊस बळावला तेव्हा नद्यांनी तो गाळ कापून काढला. नंतरही चढउतार थांबले नाहीत. लोणारच्या सरोवरातल्या गाळात सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीच्या दीर्घ अवर्षणाची नोंद आहे.

एवढ्यातून आपले मासे तगले. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात दख्खनच्या माशांची नोंद केली, तेव्हा त्याने त्यांना लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. मळ्या हा मासा आजही शास्त्राच्या पुस्तकात 'गारा मुल्या' आहे. नाकावर शिंगासारखा उंचवटा असलेला 'नुक्ता' जगात फक्त कृष्णेच्या खोऱ्यात आहे. जो मासा एकाच खोऱ्यात आहे, तो त्या खोऱ्यातल्या प्रत्येक अवर्षणातून पार पडलेला असणार. माझा निष्कर्ष सरळ आहे: सगळ्यांत वाईट काळातही कुठेतरी डोह उरले होते, आणि पाऊस परतल्यावर त्या डोहांतून बाहेर पडायला वाट होती.

त्या प्रश्नाचे उत्तर

आता पुन्हा व्हिक्टोरियाकडे. तिथे १९५० च्या दशकापासून नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला गेला. १९८० च्या दशकात त्याची संख्या भडकली आणि सिक्लिडांच्या सुमारे दोनशे जाती नाहीशा झाल्या असा अंदाज आहे. त्याच वेळी भोवतालच्या शेतीतून आणि वस्त्यांतून येणाऱ्या पाण्यामुळे सरोवर गढूळ होत गेले. आपल्या नद्यांवर पसरते तीच जलपर्णी तिथेही पसरली. गढूळ पाण्यात निळ्या-तांबड्याचा फरक मादीला दिसेनासा झाला. १९९७ मध्ये सीहाउसेन आणि सहकाऱ्यांनी नोंदवले, की जिथे पाणी गढूळ तिथे माशांचे रंग फिके पडले आणि वेगळ्या झालेल्या जाती पुन्हा एकमेकींत मिसळू लागल्या. एकही मासा न मारता जाती संपू शकतात, हे तिथे दिसले. पंधरा हजार वर्षांत जे घडले, ते तीसचाळीस वर्षांत विस्कटले. आणि त्या काळात सरोवर आटलेले नव्हते. ते काठोकाठ भरलेले होते.

जुने हवामानबदल माशांनी पचवले ते तीन गोष्टींच्या बळावर. बदल सहसा संथ होता, म्हणून पिढ्यांना सावरायला वेळ मिळाला. आसरा होता, सरोवर आटले तरी नद्या होत्या, नदी आटली तरी डोह होते. आणि वाट होती. पाऊस परतल्यावर तुटलेले पाणी पुन्हा जुळत होते. पाण्याची चव, रंग आणि तापमान आज झपाट्याने बदलते आहे. पण माझ्या मते त्याहून गंभीर गोष्ट ही, की आपण आसरा आणि वाट या दोन्ही एकाच वेळी काढून घेत आहोत. वाळूउपशाने डोहांचा तळ विस्कटतो, सांडपाण्याने उरलेल्या डोहातला प्राणवायू संपतो. बंधाऱ्यांच्या ओळींनी चढणीच्या माशांची वाट बंद होते. तुटणे राहिले, जुळणे गेले. आणि जिथे बाहेरचे मासे सोडून सगळी पाणी सारखी केली जातात, तिथे वेगळेपणही जाते.

आपल्या पूर्वजांना उत्क्रांती ठाऊक नव्हती, पण डोहाचे मोल ठाऊक होते. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथल्या वरदायिनी देवीच्या नावाने त्या कोंडीतले मासे कोणी मारत नाही. वाड्याजवळ वैतरणेच्या काठी तिळसे येथेही मंदिरापुढच्या डोहातले मासे असेच राखलेले आहेत. महासीरसारखे मोठे मासे अशा ठिकाणी निर्धास्त फिरतात. श्रद्धेच्या जोरावर का होईना, नदीतला सर्वांत खोल आसरा राखला गेला. असे आसरे गावाच्या नकाशावर नोंदवणे, तिथे वाळूउपशाला आणि सांडपाण्याला मज्जाव करणे, आणि दोन आसऱ्यांच्या मधल्या बंधाऱ्यांना पहिल्या पावसात माशांपुरती वाट ठेवणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.

मागच्या उन्हाळ्यात मी पुन्हा भीमेकाठी गेलो होतो. ते आजोबा भेटले. व्हिक्टोरियाची गोष्ट त्यांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकले. "म्हणजे बहात्तरला मासा वाचला तो डोहामुळे," ते म्हणाले. मी हो म्हटले. मग त्यांनी बोटांवर मोजत त्यांच्या गावाजवळच्या डोहांची नावे घ्यायला सुरुवात केली. पाच नावे झाली. प्रत्येक नावाबरोबर तिथे कधी किती पाणी असे हेही सांगितले. सहाव्या नावाशी ते थांबले आणि नदीकडे बोट दाखवले. तिथे वाळूचा ट्रॅक्टर उभा होता.